मैदानावर न गेलेली जीप

आनंदराज गजभारे दारात उतरला, की जुनी जीप विकायला काढलेला माणूस आधीच भाव उतरवून ठेवायचा. नांदेडपासून लातूरपर्यंत गाड्यांच्या धंद्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. घेणारा त्याला आदराने घेऊन यायचा, आणि विकणारा मनातल्या मनात शिव्या घालत त्याच्यासाठी खुर्ची पुसायचा. आनंदराज त्या खुर्चीवर बसायचा तो गाडीकडे पाठ करून. गाडी कितीही घासूनपुसून उभी केलेली असो, तो तिच्याकडे ढुंकून बघायचा नाही. आधी फाईल मागायचा.

त्याचं म्हणणं असं, की गाडीला रंग मारता येतो, तारखांना मारता येत नाही. भाड्याने चालणारी गाडी जुनी झाली की तिला दर वर्षी आरटीओच्या पासिंगच्या मैदानावर न्यावं लागतं. तिथे साहेब ब्रेक बघतो, दिवे बघतो, आणि चेसिसवर कोरलेला नंबर कागदाशी ताडून घेतो. त्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात, आणि तो छाप अर्जाला चिकटवतात. आनंदराज हे छाप, या तारखा, हे शिक्के असे काही वाचायचा, की गाडी कुठे कुठे फिरली, कुठे आपटली, कधी चोरून चालवली, हे तिच्या मालकाआधी त्याला कळायचं. आणि कळलं की तो ते सगळ्यांसमोर बोलायचा. घेणाऱ्याला बाजूला नेऊन हळूच सांगणं त्याला जमत नव्हतं असं नाही. त्याला ते आवडत नव्हतं.

देगलूरकडच्या एका म्हाताऱ्याला त्याने तीन जावयांच्या देखत विचारलं होतं, "दोन वर्सं बिनपासिंगची गाडी फिरवलीत तुम्ही. तिच्याखाली कोण कोण आलं, नावं तरी ठेवलीत का लिहून?" गाडीखाली कोणीच आलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून म्हातारा पारावर बसायचा बंद झाला. आनंदराज ही हकिकत घरी येऊन हसत हसत सांगायचा. त्याची बायको लुंबिनी भाकरी थापता थापता ऐकून घ्यायची, पण हसायची नाही.

तो मुळात वाईट होता का? सांगणं कठीण आहे. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपात त्याची तीस वर्षं गेली. पाना कुठल्या हाताने धरायचा हे माहीत नसलेली पोरं त्याच्याकडून लोखंड ओळखायला शिकली, पदव्या घेऊन साहेब झाली, आणि हा निवृत्त झाला तेव्हाही कॉलेजात त्याला सगळे आनंदराजच म्हणत होते. त्याच्याही मागे त्याचा बाप होता. बापाला उभ्या आयुष्यात कोणा पाटलाच्या वाड्यावर ओट्यावर चढता आलं नव्हतं. खाली उन्हात उभं राहून "जी मालक" म्हणायचं, आणि जे वरून येईल ते ओंजळीत घ्यायचं. आता तसल्याच घरांतून लेकाला बोलावणं यायचं, अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकली जायची, कपबशीतून चहा यायचा, आणि पांढरे फेटे मान पुढे करून म्हणायचे, "बोला साहेब, काय म्हणतेत कागद?" खोटं कशाला बोला, तो त्या खुर्चीसाठी जगत होता. तिच्यावर बसून तो जे बोलला ते कधी चुकलं नव्हतं, आणि चुकू द्यायचंच नाही हे त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

गेल्या एप्रिलमध्ये औशाचे हणमंतराव त्याच्याकडे आले. काळ्या रानाचे मालक, बोटात दोन अंगठ्या, आणि बोलताना समोरच्याच्या मांडीवर थाप मारायची सवय. पावसाळ्यात रानात ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही, म्हणून चारही चाकांनी ओढणारी जीप पाहिजे, असं ते म्हणायचे. खरं कारण म्हणजे बाजार समितीच्या आवारात त्यांना उंच जीपमधून उतरायचं होतं. मोबाईलवर आलेला एक फोटो त्यांनी आनंदराजसमोर धरला. इस्लापूरची गाडी, एकोणीस वर्षांची.

"चालवणारा गेला आठ महिन्याखाली. गाडी तशीच उभी हाय," हणमंतराव म्हणाले. "मेलेल्या माणसाची गाडी लई स्वस्तात येते बघा, साहेब." आणि त्यांनी आनंदराजच्या मांडीवर थाप मारली.

ज्याची गाडी होती त्याचं नाव दयानंद. इस्लापूरहून सहस्रकुंडच्या धबधब्यावर लोकांना न्यायचं, आणि जिथे बस पोचत नाही त्या डोंगरातल्या वस्त्यांवर माणसं सोडायची, हे त्याचं काम. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन तो उतारावरून परत येत होता. गाडी रस्ता सोडून सागाच्या झाडावर गेली, दयानंद बाहेर फेकला गेला आणि जागीच संपला. बघणारा कोणी नव्हता. उतार होता, तेव्हा ब्रेक फेल झाले असणार, असं कोणीतरी म्हणालं आणि तेच गावात रूढ झालं. गाडीचा बंपर वाकला होता, पुढची काच गेली होती. ट्रॅक्टरने ओढून आणून ती अंगणाच्या कडेला ताडपत्रीखाली ठेवली, आणि त्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता.

आनंदराज आणि हणमंतराव पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. दयानंदचा बाप अमृतराव सत्तरीचा, बोलायला मऊ. लेक गेल्यापासून तो "दैवानं नेलं" एवढं एकच वाक्य धरून जगत होता, आणि त्या वाक्याने घराला बरंच सांभाळलं होतं. त्याने खुर्ची टाकली. चहा आला. औशाहून गिऱ्हाईक आलंय म्हटल्यावर शेजारपाजारचे आठदहा जण भिंतीला टेकून उभे राहिले.

फाईल घेऊन आली ती दयानंदची बायको सिंधु. बारावीपर्यंत शिकलेली, कचेरीतले कागद वाचता येणारी घरातली एकटीच. त्यामुळे गाडीचे कागद लग्नापासून तिच्याकडे होते. फाईल इतकी नीटनेटकी होती, की तशी आनंदराजने क्वचितच बघितली असेल. साल लिहिलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येक अर्जाची झेरॉक्स, वरती सिंधुचा फोन नंबर. ती सासऱ्याच्या मागे जमिनीवर बसली, आणि तिची सहा वर्षांची मुलगी पुनम येऊन तिच्या मांडीत बसली.

आनंदराजने शेवटच्या तीन वर्षांचे अर्ज मांडीवर शेजारी शेजारी मांडले. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने एका आकड्यावर बोट ठेवलं.

पेन्सिलीचा छाप दोनदा सारखा कधीच येत नाही. हात कुठे जड पडतो, कुठे हलका. इथे मात्र एका साताच्या पायाशी पेन्सिल घसरून बारीक शेपूट उमटली होती, आणि ती शेपूट तिन्ही वर्षी त्याच जागी, तेवढीच लांब होती.

"हे छाप कोणी काढले?" त्याने विचारलं.

"मी, काका," सिंधु म्हणाली.

"कितीदा?"

"एकदाच. तीन वर्सं झाले."

"मग पुढच्या दोन सालांला हाच कसा?"

"एजंटानं झेरॉक्स लावली आसंल."

"म्हणजे गाडीचा नंबर कोणी बघितलाच न्हाई. गाडी मैदानावर गेली होती का न्हाई?"

तिला खोटं बोलता आलं असतं. गाडी नेली होती म्हणाली असती, तर नाही म्हणायला दयानंद नव्हता. पण ती तशातली नव्हती, आणि आपण काही लपवण्यासारखं केलंय हेही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"न्हाई गेली. तीन वर्सं न्हाई नेली," ती म्हणाली. "कागद एजंटाला दिले, त्यानं पासिंग करून आणलं."

"कोणी दिले कागद?"

"मीच दिले."

तिने ते का दिले, हे तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मैदानावर सकाळी नंबर लागावा म्हणून दयानंद दिवसभर गाडी हाकून मध्यरात्रीच नांदेडला निघायचा. वाटेत त्याचा डोळा लागेल ही तिला धास्ती. तिनेच हट्ट करून त्याचं जाणं थांबवलं होतं. नवरा जिवंत राहावा म्हणून केलेली गोष्ट होती ती.

आनंदराजला इथे थांबता आलं असतं. घेणाऱ्याला जे कळायचं ते कळलं होतं. पण भिंतीला टेकलेली माणसं आता सरळ झाली होती, सगळ्यांचे डोळे खुर्चीकडे लागले होते, आणि अशा वेळी गप्प बसणं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

"अमृतराव," तो म्हणाला, "आठ महिने तुम्ही दैव दैव करून राहिलेत. तीन वर्सं ज्या गाडीचे ब्रेक कोणी तपासलेच न्हाईत, ते फेल होणार न्हाईत तर काय होणार? ह्याला दैव म्हणत न्हाईत. हे घरात बसून केलेलं काम हाय." आणि फाईलवरच्या सिंधुच्या अक्षरावर त्याने दोनदा बोट आपटलं.

दारातून सासूचा आवाज आला, "खाल्लं गं माय हिनं माझं लेकरू." आवाज मोठा नव्हता. सिंधु एकदा सासूकडे, एकदा सासऱ्याकडे बघत राहिली. अमृतरावने मागे वळून हात पुढे केले आणि तिच्या मांडीतून पुनमला उचलून घेतलं. पोरीला वाटलं आजोबा लाडाने घेतायत. ती हसत गेली.

हणमंतरावांनी हीच वेळ साधली. सांगितलेल्या किमतीच्या निम्मी किंमत त्यांनी तिथल्या तिथे बोलून टाकली. अमृतरावने मान वर केली नाही. "न्या," तो म्हणाला. "ते लोखंड माझ्या दारात नको."

आता गाडी औशाला न्यायची होती, आणि ब्रेक नसलेली गाडी डोंगरउतारावरून कोण हाकणार? म्हणून आनंदराजने बाही वर केली, ताडपत्री ओढली, जॅक लावला आणि मागचं चाक काढलं. लोक अजून अंगणातच होते. बोल्टवर गंज बसलेला, म्हणजे अपघातानंतर कोणी खोललेलं नव्हतं. त्याने ड्रम उतरवला. आतले ब्रेक लायनर जाड होते, नवेच. दुसरं चाक काढलं, तिथेही तेच. तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. पाईपवर पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला, कुठे चीर नाही, तेलाचा डाग नाही. बाहेर येऊन बॉनेट उघडलं. ब्रेकचं तेल खुणेपर्यंत. पेडलवर पाय दिला, तर पेडल दगडासारखं घट्ट.

ब्रेक फेल झालेच नव्हते. दयानंदने पावसाळ्याआधी स्वतः लायनर बदलले होते. मैदानावर नेली असती, तर साहेबाने ही गाडी एका मिनिटात पास केली असती. झाडावर ती का गेली हे त्या झाडालाच माहीत. डोळ्यात ऊन आलं असेल, डुक्कर आडवं गेलं असेल. सिंधुच्या कागदांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

आनंदराज पुन्हा गाडीखाली गेला. काम काही नव्हतं. तो नुसता पडून राहिला. तिथून त्याला अंगण दिसत होतं. अमृतरावच्या वहाणा, पुनमचे अनवाणी पाय, आणि भिंतीपाशी सिंधुच्या साडीचा काठ. तिथपर्यंत जेमतेम दहा पावलांचं अंतर. बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं.

हणमंतराव गुडघ्यावर बसून खाली वाकले. "काय निघालं?"

"ब्रेक चांगले हायत," आनंदराज म्हणाला. "बिलकुल चांगले."

हणमंतरावांचे डोळे लकाकले. "हळू बोला साहेब," ते कुजबुजले, "व्यवहार मोडंल न्हाई तर."

आणि आनंदराज हळू बोलला, म्हणजे काहीच बोलला नाही. त्याने दोन्ही चाकं चढवली, सोबत आणलेली बॅटरी जोडली, हात धुतले. गाडी अंगणातून निघाली तेव्हा सिंधु त्याच्याकडेच बघत होती. उतारावर त्याने एकदा ब्रेक दाबला, तर जीप जागच्या जागी थांबली. हणमंतराव खूश होऊन औशापर्यंत हसत होते.

चौथ्या दिवशी त्याचा फोन वाजला.

"काका, इस्लापूरची सिंधु बोलतेय. तुम्ही चाकं खोलली तवा मी बघत होते. काय दिसलं आत?"

गाडीच्या बाबतीत खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "ब्रेक चांगले होते," तो म्हणाला.

मग ती म्हणाली, "तेवढं येऊन मामंजींला सांगा, काका. माझं कोणी ऐकून नाही राहिलं. तुमच्या शब्दावर इस्वास हाय त्यांचा."

"येतो रविवारी," आनंदराज म्हणाला.

तो रविवार गेला, पुढचाही गेला. तिसऱ्या आठवड्यात तिचे फोन येतात तेव्हा तो मोबाईल उशीखाली सरकवतो, हे लुंबिनीने बघितलं आणि विचारलं. त्याने सगळं सांगितलं, एखाद्या गाडीचा बिघाड सांगावा तसं. लुंबिनी म्हणाली, "मग जावा की. दिवसाचं तर काम हाय." तो उठून बाहेर निघून गेला. जे अंगण त्याला साहेब म्हणालं होतं, त्याच अंगणात जाऊन आपण चुकलो म्हणायचं, हे त्याच्याने होणार नव्हतं. त्याच्या बापाने सगळं आयुष्य मान खाली घालून काढलं होतं. आपल्या वाट्याचं सगळं मान खाली घालणं तिथेच संपलंय असं त्याला वाटायचं. हे कारण मोठं आहे, आणि खरंही आहे. पण सिंधुला त्याचा काय उपयोग?

मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमारास, ती विष्णुपुरीला त्याच्या दारात येऊन उभी राहिली. पत्ता विचारत विचारत आली होती. गळ्यात कापडी पिशवी, टाचा धुळीने पांढऱ्या. आनंदराजने खिडकीतून बघितलं आणि आतल्या खोलीत जाऊन खाटेवर बसला. "घरी न्हाईत म्हणून सांग," तो लुंबिनीला म्हणाला.

लुंबिनी बाहेर गेली. तिने सिंधुला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि म्हणाली, "घरात हायत. पण बाहेर येऊन नाही राहिले."

सिंधुने तांब्या खाली ठेवला. "नका येऊ म्हणावं," ती म्हणाली. "तेवढं लिहून द्या. दोन ओळी. ब्रेक चांगले होते, एवढंच. मामा कागद मानतेत." तिने पिशवीतून रेघांचा कोरा कागद काढला, पेनही तिने बरोबरच आणलं होतं.

लुंबिनीने कागद आत आणून त्याच्या मांडीवर ठेवला. "लिहा," ती म्हणाली. ती कधी त्याला हुकूम करायची नाही.

आनंदराजने पेन हातात घेतलं. तारीख टाकायला हात पुढे गेला, आणि थांबला. हा कागद अमृतराव चार माणसांत वाचून घेईल. मग तो किनवटला जाईल, भोकरला जाईल, औशाला जाईल. उद्या कुठल्याही अंगणात तो बसला, की मागून कोणीतरी म्हणेल, हाच तो, चांगल्या ब्रेकांना फेल म्हणणारा. मागून कोणी हसेल. दहा मिनिटं तो त्या रेघांकडे बघत होता. मग पेनला टोपण लावून त्याने कागद परत केला.

"सांग तिला," तो म्हणाला, "गाडी विकली गेली. आता त्या गाडीवर आपल्याला काही लिहून देता येत न्हाई."

लुंबिनी तिथेच उभी राहिली. "अहो, तिची पोर—"

"सांग म्हणलं ना."

लुंबिनीने बाहेर जाऊन तो कोराच कागद सिंधुच्या हातात दिला. सिंधुने कागद उलटून बघितला, पुन्हा सुलटा करून बघितला. रडेल असं लुंबिनीला वाटलं होतं, पण ती रडली नाही. तिने कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"मला माहेरी धाडून दिलं, मावशी, महिना झाला," ती शांतपणे म्हणाली. "पोरगी तिकडंच ठिवून घेतली. फोनवर पण देत न्हाईत. मागच्या बारीला एकदाच दिली होती. तर ती विचारते, आई, बाबाला तू मारलंस का? आजीनं सांगितलं म्हणे. मी न्हाई म्हणलं. तर म्हणते, मग त्या साहेबानं कागदात बघून सांगितलं ते?"

मधे फक्त एक पडदा होता. आत आनंदराजला शब्द न् शब्द ऐकू आला. लुंबिनीने सिंधुचा हात धरला. थोड्या वेळाने सिंधुने हात सोडवून घेतला, बस कुठून मिळते ते विचारलं आणि उन्हातून चालायला लागली.

फाटक वाजल्यावर आतून आनंदराजचा आवाज आला, "गेली का?"

लुंबिनी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिली.